दोन मालकांचा धुरा

सोनाळा
१९ मार्च २०२५

चि. विमल,

आशीर्वाद. रागात आहे, तरी आशीर्वाद आधी लिहून टाकतो, नंतर राहून जायचे.

फोन न करता पत्र का, असे तू म्हणशील. तूच मागे बजावले होतेस की भाऊ, तुम्ही मोबाइल स्पीकरवर ठेवून बोलता आणि आपले भांडण साऱ्या पाराला ऐकू जाते, तेव्हा काय असेल ते लिहून कळवत जा. मला स्पीकरशिवाय ऐकू येत नाही. पारावरच्या लोकांना तर स्पीकर असला काय नि नसला काय, सगळेच ऐकू येते. म्हणून लिहितो.

काम एका ओळीचे आहे. तुझ्या आणि माझ्या वावराच्या मधला धुरा यंदा जाळायचा आहे. गवत कमरेला लागले आहे, बोरीची काटेरी झुडपे माजली आहेत आणि मागच्या महिन्यात माझ्या गणेशला तिथे घोणस दिसली. तर तू एका कागदावर "माझी हरकत नाही" एवढे लिहून, सही करून पाठव.

कागद कशाला, तेही सांगतो, नाहीतर उलट टपाली विचारशील. मागच्या उन्हाळ्यात इथल्या एका बटईदाराने भर दुपारी वाऱ्यात धुरा पेटवून दिला. आग रंगरावांच्या संत्र्याच्या बागेत शिरली. झाडे जळाली नाहीत, भाजली. भाजलेले झाड जळालेल्यापेक्षा वाईट, पावसाळाभर आशा दाखवते आणि मग वाळते. बटईदार म्हणाला मालकाला विचारा. मालक अकोल्यात, तो म्हणाला मला काहीच ठाऊक नाही. रंगरावांनी जावे कुठे? मग ग्रामसभेने आग समिती नेमली, मला अध्यक्ष केले आणि इंद्रभानला सचिव. इंद्रभान तुला आठवत असेल, माझ्या वर्गातला, एस.टी.त कंडक्टर होता.

ठराव मी स्वतः लिहिला आहे. धुरा पेटवायचा तर सकाळी, वारा पडलेला असताना. फवारणीच्या पंपात पाणी भरून तयार ठेवायचे. आदल्या दिवशी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर सांगायचे. आणि धुऱ्याचे दोन्ही मालक खुद्द हजर पाहिजेत, बटईदार चालणार नाही. पाऊस लागेपर्यंत वरातीत फटाके नाहीत. जो मोडेल त्याचे नाव भोंग्यावर पुकारायचे. असा ठराव पंचक्रोशीत कुठे झालेला नाही.

कागद लवकर पाठव. केशवरावांना नमस्कार सांग.

तुझा भाऊ
भगवान


चिखली
२६ मार्च २०२५

ती. भाऊ,

तुम्ही रागात आशीर्वाद दिलात, मी हसत नमस्कार करते. फिटंफाट झाली.

पत्र मिळालं. मी ते ह्यांनाही वाचून दाखवलं. ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता विचारलं, "पण खुद्द हजर म्हणजे खुद्दच ना?" मीही तेच विचारते. ठराव तुमचा, शब्द तुमचा, अक्षरही तुमचंच असणार. त्यात संमतीचा कागद चालेल असं कुठं आहे? तुम्हीच अकोल्याच्या मालकाला बांधायला दोरी वळलीत, तिच्यात चिखलीची मालकीण अडकली, तर त्याला मी काय करू?

एक खरं सांगा. ठराव लिहिताना आपल्या धुऱ्याचा दुसरा मालक कोण, हे तुमच्या ध्यानात तरी होतं का? मला वाटतं नव्हतं. वाटणी होऊन चार वर्षं झाली. मोजणीवाले खुणा रोवून गेले, तुम्ही स्वतः उभं राहून तो धुरा घालून घेतलात. तरी तुमच्या मनात ते अजून एकच वावर आहे. इकडे चिखलीला लोक बांध म्हणतात. मी अजून धुराच म्हणते आणि सासरचे हसतात.

परवा छकुलीचा फोन आला होता. तुमची नात तुमच्यासारखी नाही, सगळं सांगते. म्हणाली, आजोबा काडेपेटी घेऊन धुऱ्यावर गेले होते आणि इंद्रभान आबांनी त्यांना परत पाठवलं. तुमच्या पत्रात हे कुठे दिसलं नाही. कागद संपला असेल.

विमल


सोनाळा
२ एप्रिल २०२५

चि. विमल,

छकुलीच्या हाती मोबाइल द्यायचा नाही, असे आजच घरात सांगितले आहे. कोणी ऐकत नाही ते वेगळे.

हो, गेलो होतो काडेपेटी घेऊन. सकाळची वेळ होती, वारा नव्हता, पंप भरलेला होता, आदल्या दिवशी भोंग्यावर सांगितलेही होते. काडी ओढणार तेवढ्यात इंद्रभान आला आणि म्हणाला, "भगवान, दुसरा मालक कुठी हाय?" मी म्हणालो, दुसरा कोण, हे वावर आमचेच आहे. तो म्हणाला, "आमचंच म्हंजे कोनाकोनाचं?" चार माणसे उभी होती. मी काडेपेटी खिशात टाकली आणि घरी आलो. बस, एवढेच झाले. त्यात पत्रात लिहिण्यासारखे काय होते?

आता तुझ्या प्रश्नाचे. ध्यानात होते की नव्हते, याला आता काही अर्थ नाही.

गणेशने तोड काढली होती की आत्याला व्हिडिओ कॉलवर हजर धरावे. त्यावर समितीची बैठक बसली. मोबाइलमधला माणूस खुद्द धरायचा की नाही, यावर अख्खी संध्याकाळ गेली. एक जण म्हणाला, कोर्टात चालते. दुसरा म्हणाला, कोर्टात धुरा पेटवत नाहीत. रंगराव म्हणाले, आग बाहेर गेली तर मोबाइलमधली बाई पंप मारेल का? शेवटी नाही असेच ठरले. त्या ठरावावर अध्यक्ष म्हणून मलाच सही करावी लागली.

तुला हे गमतीचे वाटत असेल. इथे माझी गंमत होऊन बसली आहे. मागच्या आठवड्यात सरपंचांच्या पुतण्याच्या वरातीत फटाक्यांची माळ लावली. मी मध्ये जाऊन उभा राहिलो. नवरदेवाचा एक मित्र म्हणाला, "काका, पहिले तुमचा धुरा पाहा, मंग आमची वरात पाहा." सगळे हसले. बँडवालेसुद्धा हसले. ज्याने ठराव लिहिला त्याचाच धुरा तसाच उभा, तर बाकीच्यांनी का ऐकावे? माझा धुरा नियमाने जळाला तर ठराव टिकेल, नाहीतर तो कागदच राहणार आहे.

तेव्हा हट्ट सोड. एक दिवसासाठी ये. सकाळच्या गाडीने निघ, खामगावला गाडी बदल, रात्री मुक्काम कर, सकाळी धुऱ्यावर उभी राहा आणि दुपारच्या गाडीने परत जा. मालक म्हणून ये, म्हणजे झाले.

भगवान


चिखली
८ एप्रिल २०२५

ती. भाऊ,

व्हिडिओ कॉल नाकारला ते बरं केलंत. तुम्ही व्हिडिओवर नुसतं कपाळ दाखवता. धुरा दाखवायला लावला असता तर आभाळ दाखवलं असतंत.

बोलावलंत त्याबद्दल आभार. गाड्यांचं वेळापत्रक सांगितलंत त्याबद्दलही. रात्री मुक्काम, सकाळी उभी राहा, दुपारी परत जा. साक्षीदाराला समन्स निघतं ते असंच असतं, फक्त त्यावर शिक्का असतो.

मी यायला तयार आहे. मला न्यायला कोण येणार, एवढंच सांगा.

वाटणी व्हायच्या आधी तुम्ही दर आखजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मला न्यायला यायचात. एकदा पाय मुरगळला होता तरी काठी टेकत आलात. सासूबाई म्हणायच्या, विमलचा मुऱ्हाळी आला, आता घरात हिचं लक्ष लागायचं नाही. सातबाऱ्यावर माझं नाव लागलं आणि मुऱ्हाळी यायचा बंद झाला. एकदाही कुणी आलं नाही. तुम्ही नाही, गणेश नाही. वहिनी फोनवर म्हणतात, येत जा ना हो विमलबाई. येत जा म्हणणं आणि न्यायला येणं यात फरक आहे, तो वहिनींनाही कळतो, कारण त्यांचा भाऊ अजून येतो.

तुम्ही न्यायला या, मी त्याच गाडीने निघते. धुराही जळेल, ठरावही टिकेल.

विमल


सोनाळा
१५ एप्रिल २०२५

विमल,

मुऱ्हाळी लेकीला आणायला जातो. मालकाला आणायला मुऱ्हाळी गेल्याचे मी अजून ऐकलेले नाही. मालक आपल्या पायाने येतो. कोणते तरी एक ठरव.

आणि हे मी माझ्या मनाचे सांगत नाही. वाटणीच्या दिवशी तहसीलच्या पायरीवर तूच म्हणाली होतीस, आता मला कोणाच्या बोलावण्याची गरज नाही, माझ्या शेतात मी माझ्या पायाने येईन. माझे कान आज कमी झाले आहेत, त्या दिवशी चांगले होते. एवढे ऐकल्यावर मी कोणत्या तोंडाने पिशवी घेऊन तुझ्या दारात उभा राहणार होतो?

इकडे काय झाले ते ऐक. परवा आणखी एक वरात निघाली. रॉकेट सोडले, ते गीताबाईंच्या गोठ्यामागे कुटाराच्या ढिगात पडले. तुरीचे, हरभऱ्याचे, गुरांना वर्षभर पुरणारे कुटार होते. गीताबाईंचा सगळा जीव त्या दोन म्हशींवर आहे. म्हशी सोडल्या म्हणून वाचल्या, एकीची पाठ पोळली. कुटाराची राख झाली. आम्ही घागरींनी पाणी टाकत होतो, पण कुटार वरून विझते आणि आतून पेटत राहते.

सकाळी मी ग्रामपंचायतीत गेलो, भोंगा सुरू केला, त्या पोरांची नावे पुकारायला माइक हातात घेतला. खिडकीशी पोरे उभीच होती. एकाने विचारले, "काका, तुमचं नाव कधी येते?" मी माइक ठेवला. नावे न घेता खाली उतरलो. गीताबाई ओट्यावर बसून होत्या. मी त्यांच्याकडे न पाहता पुढे निघालो.

हा सगळा प्रकार तुझ्या हट्टापायी होऊन राहिला आहे. रागाने लिहितो असे समज, पण खरे तेच लिहितो.

भगवान


चिखली
२० एप्रिल २०२५

ती. भाऊ,

गीताबाईंचं वाचून दोन घास गेले नाहीत. पण त्यांच्या कुटाराची राख माझ्या पदरात टाकू नका. रॉकेट मी सोडलं नव्हतं. त्यांची नावं पुकारायलाही तुम्हाला मी अडवलं नव्हतं.

तहसीलच्या पायरीवर मी बोलले ते खरं आहे. पण मी काय बोलले तेवढंच तुम्हाला आठवतं. त्याच्या आधी तुम्ही काय बोललात? सही करून बाहेर आलो, हे होते, गणेश होता, तो अर्ज लिहिणारा माणूस होता. सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, "घे, आता माहेरही वाटून घेतलंस." त्याला उत्तर म्हणून मी ते बोलले. मी रडू नये म्हणून बोलले. तुम्ही ते मनाला लावून घेतलंत आणि तुमचं स्वतःचं विसरून गेलात.

तुम्हाला एक ठाऊक नाही, ते आज सांगते. गेल्या चार आखज्या मी पिशवी भरून ठेवली. दर वेळी दोन लुगडी, वहिनींसाठी पापड, छकुलीसाठी काहीतरी. संध्याकाळी पिशवी रिकामी केली. शेजारणींनी विचारलं तर सांगितलं की भावाला आता ऐकू येत नाही, प्रवास झेपत नाही, मीच नको म्हणाले. तुम्हाला मी इथे तुम्ही आहात त्याहून बहिरं करून ठेवलं आहे. माझ्या सुनेला ते खरं वाटतं. ह्यांना नाही वाटत, पण ते बोलत नाहीत.

कोणतं तरी एक ठरव म्हणता. मला ठरवायचं नाही. मला शेतही पाहिजे आणि माहेरही पाहिजे. तुम्हाला दोन्ही मिळालं, बाबांचं वावरही आणि बाबांचं घरही. तुम्हाला कुणी म्हटलं का, भगवान, कोणतं तरी एक घे?

यंदा आखजी तीस तारखेला आहे. या वर्षी मी पिशवी भरणार नाही.

तुम्हाला कागद हवा होता, तो सोबत जोडला आहे. माझी हरकत नाही, असं लिहून खाली सही केली आहे, तारीख घातली आहे. समितीला दाखवा आणि धुरा जाळून टाका. आता माझी खरंच हरकत नाही.

विमल


सोनाळा
२३ एप्रिल २०२५

चि. विमल,

तुझा कागद मिळाला. इंद्रभानला दाखवला. त्याने दोनदा वाचला आणि म्हणाला, "समितीले विचारून पाहू काय? आता एवढं लिहून देल्लं तं कोनी नाही म्हननार नाही." मी म्हणालो, चालत नाही. ठरावात खुद्द म्हटले आहे. कागद मी त्याच्यासमोर फाडला.

पायरीवर मी तसे बोललो होतो. तुझे पत्र वाचल्यावर आठवले. गणेशला विचारले, तोही हो म्हणाला. इतकी वर्षे का सांगितले नाहीस, असे विचारले तर म्हणतो, तुम्ही कुठे ऐकता.

सत्तावीस तारखेला रविवारी येतो. मीच येतो, गणेश नाही. अठ्ठावीसला भोंग्यावर सांगू, एकोणतीसला सकाळी धुरा पेटवू, तीसला आखजी आहे. परतीच्या गाडीचे या वेळी लिहीत नाही. राहा हवे तेवढे दिवस.

एक अडले आहे. भोंग्यावर या वेळी दोन्ही मालकांची नावे घ्यावी लागतील. तुझे कसे घ्यायचे? विमल संपतराव ढगे म्हणू, की विमलबाई केशवराव खेडेकर? इंद्रभान म्हणतो सातबाऱ्यावर असेल ते घ्या. मला विचारशील तर मला दोन्ही जिभेवर येत नाही. तू विमलच आहेस. आलो की सांग.

पिशवी भरून ठेव.

तुझा भाऊ
भगवान


चिखली
९ मे २०२५

ती. भाऊ,

सुखरूप पोचले. गणेशने खामगावला गाडीत बसवून दिलं, खिडकीची जागा धरून दिली आणि वर तीन वेळा फोन केला. आता पुरे म्हणावं.

तुम्ही चिडाल, पण मागे ठेवून काय करू, सगळं लिहूनच टाकते. मुऱ्हाळी म्हणून आलात आणि गाडीत झोप लागून चिखली सोडून पुढे निघून गेलात. मी दुपारपासून ओट्यावर. शेजारणी विचारून विचारून घरात गेल्या. सूनबाई म्हणाली, आई, मामांना प्रवास झेपत नाही ना, तुम्हीच म्हणायच्या. दिवस मावळायला आला तेव्हा तुम्ही उलट्या दिशेच्या गाडीतून उतरलात, आणि उतरल्या उतरल्या कंडक्टरला बोलू लागलात की चिखलीची पाटी वाचता येईल अशी का लिहीत नाहीत. मला हसू आलं आणि रडूही आलं. तेव्हा तुम्ही कंडक्टरकडे पाहत होतात, म्हणून बरं.

नावाचं मी तुम्हाला सांगितलं होतं. सातबाऱ्यावर आहे तेच घ्या, खेडेकर घ्या, उगाच कुणाला बोट दाखवायला जागा नको. तुम्ही मान हलवलीत. मला वाटलं ऐकू आलं.

अठ्ठावीसला वहिनी आणि मी स्वयंपाकघरात होतो. तुम्ही भोंग्यावर आलात. आधी नुसतं हॅलो हॅलो. मग वारा, पंप, सकाळची वेळ, सगळं ठरावाप्रमाणे. मग म्हणालात, "धुऱ्याचे मालक दोन हायेत. एक मी. दुसरी मालक विमल, माही बहीण. ते काल घरी आली हाय." आणि भोंगा बंद.

खेडेकर नाही, ढगे नाही. वहिनींनी पोळपाटावरचा हात थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं. तुमच्या एका वाक्यात मालकही होतं आणि घरीही होतं. मी चार वर्षं हेच मागत होते, भाऊ. ते तुम्ही साऱ्या सोनाळ्याला ऐकवलंत. तुमच्या स्पीकरला मी जन्मभर नावं ठेवली, ती त्या दिवसापुरती परत घेते. त्या दिवसापुरतीच.

आता धुऱ्याचं. लग्नाला नसतील इतकी माणसं जमली होती. सरपंचांचा पुतण्याही आला होता. काडी कुणी ओढायची यावर आपण तिथेही भांडलोच. तुम्ही म्हणालात, लहान्यानं ओढावी. मी म्हणाले, अध्यक्षानं ओढावी. रंगराव म्हणाले, वारा सुटायच्या आत कोणीही ओढा. शेवटी तुम्ही ओढलीत, मी गवत पुढे केलं. आणि पंप! ठरावात पंप, भोंग्यावर पंप, आणि ऐन वेळी पंपाचं तोंड कचऱ्यानं बंद. तुम्ही दांडा हलवताय, पाणी येतंय ते तुमच्याच पायावर. इंद्रभान भाऊ कडुलिंबाचे फाटे घेऊन धावले म्हणून आग माझ्या बाजूला फार सरकली नाही. पुढच्या ठरावात लिहा की पंप आदल्या दिवशी चालवून पाहावा.

सगळं विझल्यावर आपल्या दोन वावरांच्या मधे काळी रेघ राहिली. मला वाटलं होतं ती पाहून वाईट वाटेल. नाही वाटलं. रेघेच्या अल्याड तुम्ही पाय पुसत उभे होतात, पल्याड मी.

वाईट दुसऱ्याचं वाटलं. आग लागली तेव्हा गवतातून तितरी उडाली, तुम्ही पाहिली नाहीत. संध्याकाळी छकुलीला घेऊन गेले तर बोरीच्या बुंध्याशी तिची अंडी सापडली. भाजलेली. घोणशीला घालवायला गेलो आणि तितरीचं घर घालवलं. नियमाने जाळलं तरी जळतंच. मी तेव्हा तुम्हाला सांगितलं नाही, दुसऱ्या दिवशी आखजी होती, तुम्ही आईबाबांच्या नावाची घागर भरण्यात होतात, आणि खूप वर्षांनी खुशीत होतात.

पण आता सांगते. पुढच्या वर्षी आपला धुरा जाळायचा नाही. विळ्यानं कापायचा. गवत गीताबाईंच्या म्हशींना देऊ.

आणि म्हणूनच मी निघायच्या आधी ग्रामपंचायतीत जाऊन तुमचा ठराव पुन्हा वाचला. जाळायचं असेल तर दोन्ही मालक खुद्द हजर पाहिजेत असं लिहिलं आहे. कापायचं असेल तर कुणी हजर पाहिजे असं कुठंच लिहिलेलं नाही. हे बरोबर नाही. ठराव दुरुस्त करा.

विमल


सोनाळा
१७ ऑगस्ट २०२५

चि. विमल,

आशीर्वाद. राखी मिळाली, बांधली. गोंडा फार मोठा आहे, सही करताना आडवा येतो. पुढच्या वेळी साधी पाठव.

तितरीचे मला छकुलीने तू गेल्यावर लगेच सांगितले होते. मी तुला लिहिले नाही, कारण मला वाटले तुला ठाऊक नाही. छकुलीने आपल्या दोघांचेही ठेवून घेतले, याचे मला नवल वाटले. तिला मोबाइल परत दिला आहे.

धुरा जळाल्यावर मी भोंग्यावर जाऊन रॉकेटवाल्या पोरांची नावे पुकारली. खिडकीशी कोणी बोलले नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी ट्रॉलीभर कुटार आणून गीताबाईंच्या गोठ्यात टाकले. न विचारता टाकले, म्हणून गीताबाईंनी त्यांना ते नीट रचायला लावले. त्यानंतरच्या वराती नुसत्या बँडवर निघाल्या. बँड फार वाईट वाजवतात, ते सगळे मला ऐकू येते, पण त्यावर ठराव करता येत नाही.

आता तुझी दुरुस्ती. परवा पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडली. धुरा जाळण्याऐवजी कापावा, आणि कापतानाही दोन्ही मालक खुद्द हजर पाहिजेत. जाळण्याऐवजी कापावा इथपर्यंत सगळ्यांनी माना हलवल्या. पुढचे वाचले तेव्हा मागून कोणीतरी हसले. रंगराव म्हणाले, दुसरा मालक विळा धरणार की सावलीत बसणार? मी म्हणालो, ते त्याच्या मर्जीवर आहे.

मग इंद्रभान लिहिता लिहिता थांबला. पेन वर धरून माझ्याकडे पाहत राहिला. त्याला काय ठाऊक नाही? तरी सगळ्यांसमोर विचारलेच. "भगवान, जाळाचं तं ठीक हाय, आग लागते. पन गवत कापाले दोन मालक काऊन लागतात बे? विळा तं एकच लागते."

काहीतरी कारण सांगायचे होते. खुणेचे दगड, हद्द, पुढचे वाद, असे दोन-तीन मुद्दे मी घरून काढून नेले होते. त्यातला एकही तोंडातून निघाला नाही.

मी म्हणालो, "एकट्याच्यानं होत नाही."

त्याने तसेच लिहून घेतले. कोणी हरकत घेतली नाही.

तुझा भाऊ
भगवान